पेटी फुटण्याआधी वाटणी: विदर्भातल्या नव्या मधपाळांसाठी

माघ महिन्यात सकाळी अकराच्या सुमाराला फोन वाजला की तो कशाचा आहे हे मला न उचलताच कळतं. पलीकडून कोणी तरी ओरडत असतं, "काका, माशा चालल्या ना जी पेटीतून! साऱ्याच्या साऱ्या चालल्या!" मागे थाळी बडवल्याचा आवाज. मी सांगतो, थाळी खाली ठेव आणि त्या कुठं जाऊन बसतात तेवढं बघ.

पेटीतून अशा निघतात तेव्हा साऱ्या कधीच जात नाहीत. निम्म्या, कधी निम्म्याहून जास्त जातात, जुन्या राणीला घेऊन. उरलेल्या पेटीतच राहतात आणि नवी राणी निघायची वाट बघतात. याला आम्ही पेटी फुटणं म्हणतो, आणि निघालेल्या माशांच्या घोळक्याला थवा. हा आजार नाही, माशांची वंश वाढवायची रीतच ही आहे. एका घराची दोन घरं होतात. पण ऐन संत्र्याच्या फुलोऱ्यात निम्मे मजूर वावर सोडून निघून गेले तर शेतकऱ्याचं जे होतं, तेच मधपाळाचं होतं.

त्यावर उपाय एकच. त्या स्वतः वेगळ्या निघण्याआधी आपणच वाटणी करून द्यायची. काम अवघड नाही, फक्त वेळ आणि दिवसांची मोजणी चुकली की सगळं चुकतं. माझ्याकडे मेलीफेराच्या (बाहेरून आणलेली, पेटीत पाळायची मोठी माशी) पेट्या जास्त आणि सातेरीच्या (आपली देशी माशी) मोजक्या आहेत. गाव वरुडकडचं, चहूकडे संत्रा. खाली मेलीफेराची दहा फ्रेमची (फ्रेम म्हणजे माशा पोळं बांधतात ती लाकडी चौकट) पेटी धरून सांगतो, सातेरीचं वेगळं आहे ते शेवटी. आग्या आणि झुडपातली फुलोरी पेटीत राहत नाहीत, त्यांच्या नादी लागू नका.

आपल्याकडे हे नेमकं केव्हा घडतं

नोव्हेंबर-डिसेंबरात तूर फुलते. पराग येतो, राणी जोमानं अंडी घालू लागते. मग मोहरी, धने, जवस. जानेवारी संपता संपता संत्र्याच्या आंबिया बहाराची फुलं उघडतात आणि पेटीत रस असा येऊ लागतो की ठेवायला जागा पुरत नाही. माशा तो ब्रूडच्या फ्रेममध्येच भरतात (अंडी, अळ्या आणि झाकलेली पिल्लं, या सगळ्याला मिळून ब्रूड म्हणतात). राणीला अंडी घालायला रिकामं घर मिळत नाही, कोवळ्या माशांना पाजायला अळ्या उरत नाहीत, दाटी होते. मग त्या राणीघरं (नवी राणी वाढवायची मोठी घरं) बांधायला घेतात. म्हणून आमच्या भागात जानेवारीचा शेवट ते मार्चचा पहिला आठवडा हा फुटण्याचा हंगाम. पळस पेटला की समजायचं, फार उशीर करून चालणार नाही.

महाबळेश्वरला राज्य खादी मंडळाचं मध संचालनालय आहे, पुण्याला केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून आहे. संधी मिळाली तर प्रशिक्षण जरूर घ्या, पेटी हाताळायची भीती तिथंच जाते. पण सह्याद्रीतलं वेळापत्रक जसंच्या तसं वऱ्हाडात आणू नका. व्हिडिओ बघून शिकणाऱ्यांनाही तेच सांगणं आहे. पंजाब-हरियाणाच्या माणसाचं कॅलेंडर तिकडच्या मोहरीवर चालतं. आपलं कॅलेंडर मे महिन्यापासून उलटं मोजायचं असतं. का, ते पुढं येईलच.

खुणा

जानेवारीच्या मध्यापासून दर सात-आठ दिवसांनी पेटी उघडून बघा. त्याहून लांबवू नका. राणीघर अंडं घातल्यापासून आठ-नऊ दिवसांत झाकलं जातं आणि बहुतेक वेळा पहिली राणीघरं झाकली गेली की थवा निघतो.

काय बघायचं? फ्रेम वर उचलली की सगळ्यात आधी तिची खालची कड बघा. फुटण्याच्या तयारीची राणीघरं बहुधा तिथं आणि बाजूच्या कडांना लटकतात, शेंगदाण्याच्या टरफलासारखी, खडबडीत, तोंड खाली. सुरुवातीला नुसती वाटी असते. वाटी रिकामी असेल तर घाबरू नका, चांगल्या पेटीत अशा दोन-चार वाट्या असतातच. वाटीत अंडं किंवा दुधासारख्या पांढऱ्या खाद्यात तरंगणारी अळी दिसली, की विषय पक्का झाला.

राणीघरं एक-दोनच आणि फ्रेमच्या मधोमध असतील तर माशा बहुधा म्हातारी राणी बदलताहेत. त्यांना त्यांचं काम करू द्या.

दाराशी माशांची दाढी लोंबते, त्यावरून निष्कर्ष काढू नका. उन्हाच्या तडाख्यातही त्या बाहेर येऊन बसतात. नर दिसायला लागले, ब्रूडच्या फ्रेमवर सगळीकडे रस चमकतोय, राणी बारीक झाल्यासारखी वाटतेय आणि नवी अंडी कमी झालीत, हे सगळं एकत्र दिसलं तर ती खूण.

आता माझी चूक सांगतो, कारण जवळजवळ प्रत्येक नवा माणूस तीच करतो. पहिल्या वर्षी राणीघरं दिसली की मी ती चिमटीत दाबून मोडायचो. मोडली की प्रश्न मिटला, असं वाटायचं. आठवड्यानं बघावं तर पुन्हा तितकीच. एक जरी कोपऱ्यात माशांच्या घोळक्याखाली राहिलं तरी पेटी फुटते. पण खरा घात तिसऱ्या पेटीत झाला. तिथं थवा काही दिवस आधीच निघून गेला होता, मला पत्ता नव्हता. मी सगळी राणीघरं मोडून, हात झटकून घरी आलो. जुनी राणी गेलेली, नव्या मी मारलेल्या, आणि राणीनं जायच्या आधी अंडी घालणं थांबवलेलं, त्यामुळे तीन दिवसांच्या आतली एकही अळी पेटीत नाही. म्हणजे त्यांना नवी राणी करायला सामानच ठेवलं नव्हतं. महिनाभरात मेणपतंगाच्या अळ्यांनी पोळी चाळण करून टाकली.

तेव्हा पहिला नियम: ताजी अंडी डोळ्यांनी दिसल्याशिवाय एकाही राणीघराला हात लावायचा नाही.

आधी दिवस मोजा

वाटणीत एका पेटीकडे राणी जाते आणि दुसरीला नवी करावी लागते. त्या दुसरीचा हिशेब कागदावर मांडून बघा. १ फेब्रुवारीला वाटणी केली असं धरू.

राणी नाही हे माशांना काही तासांतच कळतं. त्या दिवसाभराच्या कोवळ्या अळ्या निवडतात आणि त्यांची घरं राणीघरासारखी वाढवतात. अंड्यापासून राणी निघायला १६ दिवस लागतात. त्यातले चारेक दिवस अळीचे आधीच झालेले, म्हणजे राणी १३ फेब्रुवारीच्या आसपास बाहेर येते. ती लगेच कामाची नसते. पाच-सात दिवस अंग धरते. मग उन्हाच्या दुपारी बाहेर उडून दहा-बारा किंवा त्याहून जास्त नरांशी तिचा संयोग होतो. त्यानंतर दोन-तीन दिवसांनी पहिलं अंडं. म्हणजे २४ ते २८ फेब्रुवारी. त्या अंड्याची कामकरी माशी व्हायला २१ दिवस. म्हणजे नव्या राणीची पहिली लेक पेटीत येते २० मार्चच्या आगेमागे.

आणि जुन्या राणीचं शेवटचं अंडं? ते १ फेब्रुवारीचं, त्यातून माशी निघाली २२ फेब्रुवारीला. मधला जवळजवळ महिना त्या पेटीत एकही नवी माशी जन्मत नाही, जुन्या मात्र रोज मरतात. कामाच्या दिवसांत कामकरी माशीचं आयुष्य दीड महिना. नवा माणूस मार्चात पेटी उघडतो आणि "वाटणी फसली" म्हणून कपाळाला हात लावतो. फसलेली नसते, तिचा तो खड्डाच असतो.

आता हाच हिशेब १५ मार्चला सुरू करा. पहिली नवी माशी मे महिन्याच्या सुरुवातीला येईल. पारा ४५ च्या घरात, फुलं नाहीत, पेटीतल्या मूठभर माशा पाणी आणू की पिल्लं सांभाळू या पेचात. पुढं नवतपा. पुढं पावसाळ्याची उपासमार. म्हणून माझी रेघ ठरलेली आहे: जानेवारीच्या शेवटापासून २० फेब्रुवारीपर्यंत वाटणी, फार तर महिनाअखेर. त्यानंतर राणीघरं दिसली तर जागा वाढवतो, सुपर (मधासाठीचा वरचा डबा) चढवतो, थवा निघाला तर पकडतो, पण नवी पेटी मांडत नाही.

लवकर करायलाही मर्यादा आहे. पेटीत मोठे झालेले नर दिसल्याशिवाय वाटणी करू नका. नर व्हायला २४ दिवस लागतात आणि बाहेर आल्यावर जवळजवळ दोन आठवडे तो कामाचा नसतो. नवरीला नवरदेवच नसतील तर ती आयुष्यभर नरांचीच अंडी घालेल.

तयारी

रिकामी पेटी झाकण-तळपाटासह, स्टँड, मेणपत्रा (घरांचा ठसा असलेला मेणाचा पातळ पत्रा) लावलेल्या किंवा जुन्या बांधलेल्या पोळ्याच्या चार-पाच फ्रेम, जाळीची टोपी, स्मोकर, फ्रेम सुटी करायला पटाशी. स्मोकरमध्ये मी सुकी गोवरी आणि पोत्याचा तुकडा घालतो. धूर गार यायला हवा, तळहातावर सोडून बघा, पोळला तर माशांनाही पोळतोय.

साखरेचा पाक: एक किलो साखर, एक लिटर पाणी. बाजारातला मध कधीच चारू नका, दुसऱ्याच्या पेटीचा रोग त्यातून आपल्या घरी येतो.

स्टँडच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या, नाही तर मुंग्या पहिल्याच रात्री कमजोर पेटी खाली करतात. नवी पेटी संत्र्याच्या किंवा कडुनिंबाच्या सावलीत, तोंड पूर्वेकडे म्हणजे सकाळचं ऊन मिळेल. जुन्या पेटीपासून दहा-पंधरा पावलं तरी लांब, आणि पेट्यांना वेगवेगळा रंग. एकसारख्या पांढऱ्या पेट्या रांगेत मांडल्या की फिरून आलेली नवी राणी शेजारणीच्या दारात शिरते आणि मारली जाते. मी दारावर एकाला निळा पट्टा, एकाला पिवळा त्रिकोण असं काढून ठेवलंय, गावातली पोरं त्याला अंगणवाडी म्हणतात.

बैल, म्हैस जवळ बांधलेली असेल तर आधी सोडून दूर न्या. दावणीला बांधलेलं जनावर पळू शकत नाही. डंख बसला तर चिमटीनं उपटू नका, नखानं खरवडून काढा. श्वास लागला, ओठ-डोळे सुजले, घेरी आली तर घरगुती इलाज करत बसू नका, थेट दवाखाना.

आणि आजूबाजूच्या वावरात कोण केव्हा फवारणार आहे, ते विचारून ठेवा. वाटणीच्या दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यानं फुलावर औषध मारलं तर तुमचा सगळा हिशेब मातीत.

वाटणीचा दिवस

पेटी पुरेशी भरलेली हवी. आठ-नऊ फ्रेम माशांनी झाकलेल्या, त्यांतल्या सहा तरी ब्रूडच्या. चार फ्रेमच्या पेटीची वाटणी म्हणजे दोन मरणारी घरं.

ऊन चांगलं तापल्यावर, दहा ते बाराच्या मध्ये पेटी उघडा. म्हाताऱ्या माशा रानात गेलेल्या असतात, पेटीत गर्दी कमी, राणी दिसायला सोपं. पिल्लांना गारवाही लागत नाही.

वाटणीच्या पुष्कळ रीती आहेत. नव्या माणसाला मी एकच सांगतो: जुनी राणी नव्या पेटीत, बाकी सगळं जुन्या जागी. राणीघरं झालेली असोत वा नसोत, रीत तीच. जुन्या जागेवर रानातल्या माशा परत येतात, तिथं अन्न येत राहतं, माणूसबळ भरपूर असतं. नवी राणी घडवायला हेच लागतं. आणि राणीकडच्या पेटीतल्या म्हाताऱ्या माशा दोन दिवसांत उडून जुन्या घरी गेल्या की तिथं फुटण्याची हौसच उरत नाही.

राणी शोधताना कडेची फ्रेम आधी काढून बाजूला टेका, म्हणजे बाकीच्यांना सरकायला जागा होते. धूर थोडाच. जास्त धूर दिला की राणी पळत सुटते आणि मग तासभर शोधा. प्रत्येक फ्रेम पेटीच्या वरच धरा, बाहेर नाही, राणी गवतात पडली तर गेली. अंडी असलेल्या फ्रेमवर ती बहुधा सापडते. सापडली की ती फ्रेम, तीवरच्या माशांसकट, नव्या पेटीत. त्या फ्रेमवर राणीघर असेल तर ते मोडा.

नव्या पेटीत जायचं ते इतकं: राणीची फ्रेम, झाकलेल्या ब्रूडची आणखी एक, मध-परागाची एक, एक-दोन रिकाम्या पोळ्याच्या. शिवाय जुन्या पेटीतल्या दोन ब्रूड फ्रेमवरच्या माशा झटकून टाका. कोवळ्या माशा ब्रूडवरच असतात आणि त्या नव्या घरी टिकतात. हे झटकणं बहुतेक जण विसरतात, मग तिसऱ्या दिवशी राणी मूठभर माशांत बसलेली दिसते. झटकताना राणीघर असलेली फ्रेम मात्र हलवायची नाही, आतली अळी खाद्यावरून घसरते. तिथल्या माशा मऊ ब्रशनं उतरवा.

जुन्या पेटीत ताजी अंडी आणि बारीक अळ्या असलेल्या किमान दोन फ्रेम राहिल्या आहेत ना, हे झाकण लावायच्या आधी पुन्हा बघा. उरलेल्या फ्रेम मध्ये सरकवा, रिकाम्या कडेला लावा. दोन्ही पेट्यांची दारं लहान करा, नव्या पेटीचं तर दोन माशा शेजारून जातील एवढंच. नव्या पेटीला त्याच संध्याकाळपासून पाक, आत ठेवून. बाहेर एक थेंब सांडू नका. भरलेल्या पेटीच्या माशांना वास लागला तर शेजारच्या कमजोर घरावर लूट पडते आणि एकदा सुरू झालेली लूट थांबवणं म्हणजे लग्नात पंगत उठवण्यासारखं आहे.

राणी सापडतच नसेल तर

पहिल्या वर्षी नाहीच सापडत. वैतागू नका, डोळ्यांऐवजी जाळी वापरा. राणी-रोधक जाळीतून कामकरी माशी जाते, राणी जात नाही.

नव्या पेटीत न्यायच्या ब्रूडच्या चार फ्रेम, त्यांत एक तरी ताज्या अंड्यांची, एकेक करून जुन्या पेटीवर धरा आणि त्यांवरच्या सगळ्या माशा खाली झटका. फ्रेम अगदी मोकळी दिसली पाहिजे. जिच्यावर राणीघर आहे ती फ्रेम यासाठी घेऊ नका. या मोकळ्या फ्रेम दुसऱ्या डब्यात लावा. जुन्या पेटीवर जाळी, तिच्यावर हा डबा, झाकण. राणी कुठंही असो, ती खालीच आहे. रात्रभरात कोवळ्या माशा पिल्लांच्या ओढीनं जाळीतून वर येतात. दुसऱ्या दिवशी वरचा डबा उचलायचा, तळपाटावर ठेवायचा, झाली वाटणी.

यात राणी जुन्या जागी राहते, आणि बिनराणीची पेटी नवी जागा घेते. म्हणून वरच्या डब्यात माशा थोड्या जास्तच येऊ द्या आणि पाक न चुकता द्या. खाली राणीपाशी राणीघरं असतील तर तीही त्याच वेळी काढावी लागतील, नाही तर खालची पेटी फुटेल. म्हणून ही युक्ती राणीघरं व्हायच्या आधीच वापरलेली बरी.

मग हात खिशात

चौथ्या दिवशी बिनराणीची पेटी एकदाच उघडा. नुकतीच बांधलेली राणीघरं दिसतील. त्यांतली जी इतक्यातच झाकली गेलीत ती मोडा, ती जास्त वयाच्या अळ्यांवर घाईनं केलेली असतात आणि त्यांतून हलकी राणी निघते. उघडी, लांबट, तळाशी भरपूर पांढरं खाद्य असलेली दोन ठेवा. पेटी आधीच फुटायच्या बेतात होती आणि राणीघरं तयार होती, तर उघड्यांतलं एकच चांगलं ठेवा, त्या फ्रेमला टाचणी लावून खूण करा, आणि सातव्या दिवशी पुन्हा बघून मागाहून केलेली सगळी काढून टाका. अशा फुटायच्या बेतातल्या पेटीत दोन-तीन राणीघरं तशीच राहिली तर कुमारी राणी घेऊन दुसरा, तिसरा थवा निघतो आणि पेटी भुईसपाट होते.

त्यानंतर २८ फेब्रुवारीपर्यंत ती पेटी उघडायची नाही. मी झाकणाच्या आतल्या बाजूला खडूनं लिहून ठेवतो: "१/२ वाटणी. ५/२ बघितली. २८ च्या आधी हात नाही." माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका पोरानं दर तीन दिवसांनी "आली का, आली का" म्हणून बघितलं. कुमारी राणी भित्री असते, झाकण उघडताच उडू शकते, आणि सतत छेडल्या गेलेल्या माशा कधी कधी तिलाच गुंडाळून मारतात. त्याच्या दोन पेट्या अशाच गेल्या. बाहेरून बघा: दाराशी माशा पायांना परागाचे गोळे लावून आत जाताहेत, ये-जा शांत आहे, तर बहुधा सगळं ठीक चाललंय.

आणखी एक फसगत. दाराला लावायची राणी-गेट मिळते, राणी पळू नये म्हणून. जुन्या राणीच्या पेटीला पहिले तीन-चार दिवस लावली तर हरकत नाही. कुमारी राणीच्या पेटीला लावली, तर ती संयोगाला बाहेर कशी जाणार? हे सांगायची गरज नाही असं मला वाटायचं. मग एका वर्षी लागोपाठ तीन जणांनी तसं करून दाखवलं.

२८ तारखेला सूर्य पाठीमागे घ्या, फ्रेम थोडी कलती धरा, म्हणजे ऊन खांद्यावरून थेट घरांच्या तळाशी पडेल. तांदळाच्या कणीहून बारीक, पांढरं, तळाच्या मधोमध एकेक उभं अंडं दिसलं, की राणी शोधायची गरज नाही. ती आहे. झाकण लावा.

अंडी नसतील तर घाई करून राणी विकत आणू नका. दुसऱ्या पेटीतली अंडी-अळ्यांची एक फ्रेम माशा झटकून आत द्या. चार दिवसांनी तिच्यावर राणीघरं केली असतील तर राणी नाही. केली नसतील तर आत राणी आहे, उशीर झालाय इतकंच. एकेका घरात दोन-तीन अंडी, तीही भिंतीला चिकटलेली, आणि कामकऱ्यांच्या घरांवर बंदुकीच्या गोळीसारखी फुगीर झाकणं दिसली, तर कामकरीच अंडी घालू लागल्यात. त्यांतून फक्त नर निघतात. ती पेटी नव्या माणसानं सुधारत बसू नये. दूर नेऊन माशा गवतावर झटकायच्या, फ्रेम दुसऱ्यांना द्यायच्या. माशा आपापलं घर शोधतात.

सातेरी असेल तर

सातेरी मेलीफेरापेक्षा जास्त फुटते आणि चटकन रागावून घर सोडून जाते. पेटी आठ फ्रेमची, वाटणीला सहा तरी भरलेल्या हव्यात. धूर नावालाच, पेटी उघडी जेमतेम दहा मिनिटं. राणीकडच्या पेटीत उघड्या अळ्यांची एक फ्रेम द्याच. पाजायला पिल्लं असली की सातेरी घर सोडायचा विचार कमी करते. आणि तिला मध-परागाची फ्रेम मेलीफेराहून भरलेली द्या. उपाशी सातेरी तुमची वाट बघत नाही.

तरीही थवा निघाला तर

पहिल्यांदा तो जवळच्याच फांदीवर घोस करून लटकतो. धुऱ्यावरची बाभूळ, संत्र्याचं झाड, एकदा तर मारुतीच्या पारावरचा पिंपळ, आणि खाली वरात. लोक "आग्या, आग्या" म्हणून पांगले, बँडवाला ढोल टाकून पळाला. खरं म्हणजे लटकलेला थवा पोट भरून निघालेला असतो, घर नसतं, राखायला काही नसतं, म्हणून सहसा शांत असतो. त्यावर पाण्याची बारीक फवार मारा, खाली फ्रेम लावलेली पेटी धरा, फांदीला एक जोरदार झटका. राणी आत पडली तर बाकीच्या दाराशी शेपूट वर करून पंखे मारू लागतात आणि चालत आत जातात. पेटी तिथंच ठेवा, अंधार पडला की हलवा. आत ब्रूडची एक फ्रेम दिली तर थवा टिकतो.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सगळ्या पेट्या पुन्हा मोजा. कडुनिंब, करंज फुललेले असतात, पेटी वाढायला हवी. ज्या पाच फ्रेमच्या वर गेल्या नाहीत त्यांच्यावर माया करू नका. दोन कमजोर पेट्यांतली हलकी राणी काढा, त्यांतल्या त्यात सशक्त पेटीवर वर्तमानपत्राचा एक कागद अंथरा, सुईनं चार भोकं पाडा, वर दुसरीचा डबा ठेवा. दोन-तीन दिवसांत माशा कागद कुरतडून एक होतात, दाराशी कागदाचा भुसा पडलेला दिसतो. मी गेल्या वर्षी नऊच्या चौदा केल्या होत्या. एप्रिलमध्ये त्या पुन्हा अकरा केल्या, वर ओली पोती टाकली, शेजारी पाण्याच्या घमेल्यात तरंगायला पऱ्हाटीच्या काड्या टाकल्या. अकराच्या अकरा जूनचा पहिला पाऊस बघायला होत्या.